प्रतीकं शेवटी: ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’चा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की पहिल्या दहा-बारा पेपरांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘मॉकिंगबर्ड हे निरागसतेचं प्रतीक आहे.’ वाक्य चूक नाही. पण त्यापुढे ‘कशावरून?’ असं विचारलं की बहुतेकांची गाडी तिथेच थांबते, कारण ते वाक्य कादंबरीतून आलेलं नसतं, गाइडमधून आलेलं असतं. अ‍ॅटिकस या वकिलाबद्दल ‘प्रामाणिक, शूर, न्यायप्रिय’, घराबाहेर न पडणाऱ्या शेजारी बू रॅडलीबद्दल ‘एकाकी, दयाळू’ ही विशेषणांची माळही तिथूनच येते.

माझ्या मते गोची क्रमाची आहे. मुलं प्रतीकांपासून सुरुवात करतात, मग आशयसूत्रांकडे जातात आणि पात्रांपाशी पोचेपर्यंत परीक्षा येते. खाली दिलेला क्रम बरोबर उलटा आहे. हार्पर लींची हीच कादंबरी घेऊन तो सांगितला आहे.

तयारी: एक वही, एक पान पार्श्वभूमी, बस्स

पुस्तक स्वतःचं असावं, झेरॉक्स नको. झेरॉक्समध्ये सहसा ‘महत्त्वाची’ प्रकरणंच येतात आणि या कादंबरीचे निम्मे पुरावे बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रकरणांत आहेत. एकूण ३१ प्रकरणं, दोन भाग: पहिला १ ते ११, दुसरा १२ ते ३१. आवृत्ती बदलली की पानांचे आकडे बदलतात, म्हणून वहीत पान क्रमांक लिहू नका, प्रकरण क्रमांक लिहा. परीक्षेच्या हॉलमध्ये पान कुणालाच आठवत नाही, प्रकरण आठवतं.

पार्श्वभूमी एका पानात बसवा. त्यात एवढं पुरे:

- कादंबरी आली १९६० साली, गोष्ट घडते १९३३ ते १९३५ मध्ये, अलाबामातल्या मेकॉम्ब या काल्पनिक गावात. मधल्या काळात त्याच अलाबामात १९५५-५६ चा माँटगोमेरीचा बस बहिष्कार होऊन गेला होता. म्हणजे पहिले वाचक नागरी हक्कांच्या चळवळीच्या ऐन धामधुमीत हे पुस्तक वाचत होते.
- १९३१ चा स्कॉट्सबरो खटला: अलाबामात नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप, आणि सगळे ज्युरर गोरे. कादंबरीत मायेला यूएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप आलेल्या कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सनच्या खटल्यामागे (त्याचा वकील अ‍ॅटिकस) याची सावली आहे, पण टॉमचा खटला म्हणजे तो खटला नव्हे.
- शाळा, चर्च, कोर्टातली बसायची जागा, सगळं वर्णानुसार वेगळं. ज्युरीत बायकाही नाहीत (प्रकरण २३ मध्ये अ‍ॅटिकस हे सांगतो). बलात्काराच्या गुन्ह्याला देहदंड.
- मंदीचे दिवस. गरीब शेतकरी कनिंगहॅम वकिलाची फी जळाऊ लाकडं आणि हिकरीच्या झाडाची कवचाची फळं देऊन फेडतो.

इथे थांबा. पार्श्वभूमीवर आठवडा घालवणारे विद्यार्थी शेवटी इतिहासाचा निबंध लिहून येतात.

सावधान: १९६२ चा चित्रपट आधी पाहू नका. तो चांगला आहे, पण त्यात घराण्याचा टेंभा मिरवणारी अलेक्झांड्रा आत्याच (अ‍ॅटिकसची बहीण) नाही. चित्रपट पाहून उत्तर लिहिणारे ओळखू येतात ते असे: त्यांच्या मेकॉम्बमध्ये घराण्याचा तोरा, खानदान, ‘आपल्यासारखी माणसं’ हा विषयच नसतो.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून टाका: शब्द. कादंबरीत कृष्णवर्णीयांसाठी एक शिवी वारंवार येते आणि ‘निग्रो’ हा त्या काळी सभ्य मानला जाणारा शब्दही येतो. तुमच्या वाक्यात दोन्ही नकोत, ‘कृष्णवर्णीय’ लिहा. पण कोणतं पात्र कोणता शब्द वापरतं याची नोंद जरूर ठेवा. प्रकरण ९ मध्ये अ‍ॅटिकस आपल्या लहान मुलीला, स्काउटला, ती शिवी वापरू नकोस असं बजावतो, आणि ती मात्र शाळेत सगळे तेच म्हणतात असं उत्तर देते. तो संवाद पुढे उपयोगी पडेल.

पायरी १: पहिलं वाचन, अधोरेखन न करता

पहिल्या वाचनात हायलायटर हातात घेतला की पान पिवळं होतं आणि डोकं कोरं राहतं. प्रकरण संपलं की वहीत एकच ओळ लिहा: कोण, कुठे, काय बदललं. उदाहरणार्थ, प्रकरण ७: ‘नेथन रॅडलीने झाडाची ढोली सिमेंटने बुजवली, जेम गुपचूप रडला.’ (नेथन हा बूचा भाऊ, जेम हा स्काउटचा मोठा भाऊ.) एवढंच. अर्थ लावू नका.

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिली तीस-चाळीस पानं जड जातात. दक्षिणेकडची बोली, तुटके शब्द, अर्धवट व्याकरण. उपाय सोपा आहे: संवाद मोठ्याने वाचा. डोळ्यांना जे अनोळखी वाटतं ते कानाला पुष्कळदा कळतं. सगळे शब्द कोशात शोधत बसू नका, पण साक्षींमध्ये येणारा ‘शिफरोब’ नक्की शोधा. एका बाजूला कपडे टांगायची जागा आणि दुसऱ्या बाजूला ड्रॉवर असलेलं ते जुनं लाकडी कपाट. तेच फोडायला मायेलाने टॉमला आत बोलावलं, आणि ते नक्की कधी फोडलं यावर साक्षी एकमेकींना छेद देतात. कपाट कळलं नाही तर खटला कळत नाही.

तपासा: पुस्तक मिटून सांगा: ढोली बुजवणं, शेजारीण मिस मॉडीच्या घराची आग, पिसाळलेला कुत्रा, मिसेस ड्युबोजची कॅमेलियाची झुडपं. हा क्रम न अडखळता आला तर पुढे चला (प्रकरणं ७, ८, १०, ११). नाही आला तर पहिला भाग पुन्हा चाळा. अनेकांना पहिला भाग ‘खटल्याआधीची लांबण’ वाटतो. खटल्यात जे जे येणार त्याची तालीम तिथेच झालेली असते.

पायरी २: सांगतंय कोण, पाहतंय कोण

सर्वात जास्त गुण याच पायरीवर जातात, म्हणून इथे मुक्काम करा.

गोष्ट स्काउट सांगते. पण स्काउट दोन आहेत. एक, सहाव्या वर्षाकडे झुकलेली पोर, जी पाहते. दुसरी, मोठी झालेली जीन लुईस फिंच, जी आठवून सांगते. पोरीला कळत नाही ते मोठीला कळतं, पण मोठी बहुतेक वेळा गप्प बसते आणि कळण्याचं काम वाचकावर सोडते. कादंबरीतला उपरोध याच फटीतून येतो.

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे ‘स्काउटला काय दिसलं’, उजवीकडे ‘आपल्याला काय कळलं’. सरावासाठी प्रकरण १५ घ्या, तुरुंगाबाहेरची रात्र.

डावी बाजू: अ‍ॅटिकस तुरुंगाच्या दाराशी दिव्याखाली खुर्ची टाकून वाचत बसलाय. मोटारी आल्या, माणसं उतरली. स्काउट धावत मध्ये घुसली आणि ओशाळली, कारण ही काल घरी आलेली ओळखीची माणसं नव्हती. दारूचा आणि डुकरांच्या गोठ्याचा वास. घोळक्यात एकच ओळखीचा चेहरा, मिस्टर कनिंगहॅम. समोरच्या माणसाशी त्याच्या आवडीच्या विषयावर बोलावं हे शिकवलेलं, म्हणून तिने त्यांच्या जमिनीच्या कज्ज्याची चौकशी केली, त्यांचा मुलगा वॉल्टर आपल्या वर्गात आहे हे सांगितलं, त्याला माझा नमस्कार सांगा म्हणाली. सगळे गप्प. आपलं काहीतरी चुकलं असं तिला वाटलं.

उजवी बाजू: ही माणसं टॉमला बाहेर काढून मारायला आली होती. अ‍ॅटिकस खुर्ची टाकून बसला होता तो त्यासाठी. जमाव म्हणजे चेहरा नसलेली गोष्ट, आणि त्या पोरीने त्यातल्या एकाला नाव दिलं, मुलगा दिला, जमीन दिली. तो माणूस खाली बसला, तिच्या खांद्यांवर हात ठेवले, वॉल्टरला सांगतो म्हणाला, आणि सगळ्यांना घेऊन परत गेला.

आता प्रश्न: स्काउटला ते कोण आहेत हे कळलं असतं तर तिला हे जमलं असतं का? या एका प्रश्नावर अख्खा परिच्छेद उभा राहतो, आणि तो कुठल्याही गाइडमध्ये नसतो.

सावधान: ‘लेखिका म्हणते’ आणि ‘स्काउट म्हणते’ यांची सरमिसळ करू नका. स्काउट चुकू शकते. तिच्यातही मेकॉम्ब मुरलेलं आहे. प्रकरण १० मध्ये पिसाळलेला कुत्रा रस्त्यावर आलाय, फिंचांची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण कॅलपर्निया रॅडलींना सावध करायला जिवाच्या आकांताने धावते आणि थेट पुढच्या दारावर धडका देते. स्काउट काय म्हणते? हिने मागच्या दाराने जायला हवं होतं. प्रकरण १९ मध्ये सरकारी वकील टॉमशी ज्या पद्धतीने बोलतो ते ऐकून मुलांच्या मित्राला, डिलला, रडू कोसळतं, आणि स्काउट समजूत घालते ती अशी, की शेवटी तो निग्रोच ना. ही दोन ठिकाणं वहीत लाल शाईने लिहा. ‘निरागस स्काउट’ असं लिहायचा मोह झाला की ती उघडा.

पायरी ३: पात्र म्हणजे विशेषण नव्हे

प्रत्येक मुख्य पात्रासाठी एक पान, त्यावर चार नोंदी: तो काय करतो, काय बोलतो, दुसरे त्याच्याबद्दल काय बोलतात (आणि बोलणारा कोण), त्याचं वागणं स्वतःशीच कुठे फटकून आहे. चौथी नोंद रिकामी राहिली तर ते पान अपुरं समजा.

अ‍ॅटिकस घ्या. याचा पुतळा करणं फार सोपं आहे. पण पुरावे पाहा. हा खटला त्याने स्वतःहून घेतलेला नाही, न्यायाधीश टेलरने त्याच्याकडे बोट दाखवलं. असा खटला आयुष्यात आपल्या वाट्याला येऊ नये अशीच त्याची इच्छा होती (प्रकरण ९). कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या संघटनेबद्दल तो मुलांना सांगतो की ती मुख्यतः राजकीय संघटना होती, आता गेली (प्रकरण १५). खून करायला आलेल्या कनिंगहॅमला तो मुळात भला माणूस म्हणतो (प्रकरण १६). आणि जन्मभर कायद्याची बाजू घेणारा हा माणूस शेवटी, मायेलाचा बाप बॉब यूएल याच्या मृत्यूनंतर, तो स्वतःच्याच सुरीवर पडला ही बूला वाचवायला शेरीफ हेक टेटने रचलेली हकिकत मान्य करतो (प्रकरण ३०). यातून अ‍ॅटिकस लहान होतो असं माझं म्हणणं नाही. यातून तो माणूस होतो.

ज्यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेलं लींचं दुसरं पुस्तक वाचलंय, त्यांनी तिथला वंशभेदाची बाजू घेणारा अ‍ॅटिकस इथे पुरावा म्हणून आणू नये. प्रश्न या पुस्तकावर आहे तोवर पुरावाही याच पुस्तकातला.

मायेला यूएलकडे बहुतेक जण ‘खोटं बोलणारी मुलगी’ म्हणून पाहतात आणि पुढे जातात. थांबा. प्रकरण १८ मध्ये अ‍ॅटिकस तिला आदराने ‘मॅडम’सारखं संबोधतो आणि ती भडकते: हा आपली थट्टा करतोय! एकोणीस वर्षांच्या मुलीला आदराने हाक मारली की ती थट्टा वाटते, यात तिच्या घराचं सगळं वर्णन आलं. तुझे मित्र-मैत्रिणी कोण, या प्रश्नालाही ती तसंच घेते. धाकट्या भावंडांना आइस्क्रीम खायला पाठवायचं म्हणून तिने वर्षभर नाणी साठवली होती, हे आपल्याला टॉमकडून कळतं. स्काउटला वाटतं की ही जगातली सगळ्यात एकटी बाई असावी, बू रॅडलीपेक्षाही एकटी. आणि तरीही तीच एका निरपराध माणसाला मरणाच्या दारात उभं करते. ती कीव करण्याजोगीही आहे आणि अपराधीही. दोन्ही एकाच वाक्यात लिहिता आलं की मायेला कळली.

कॅलपर्नियासाठी प्रकरण १२ पुरेसं आहे. फिंचांच्या स्वयंपाकघरात ती एक भाषा बोलते, स्वतःच्या चर्चमध्ये दुसरी. मुलं विचारतात, तुला बरोबर बोलता येतं तर इथे तसं का बोलत नाहीस? तिचं उत्तर स्वतः वाचा. घरी मालवणी किंवा अहिराणी आणि वर्गात ‘शुद्ध’ बोलणाऱ्या कुणालाही ते समजवावं लागणार नाही.

टॉम रॉबिन्सनचं पान भरताना तुम्हाला अडचण येईल, आणि ती तुमची चूक नाही. पंचवीस वर्षांचा, लिंक डीसच्या शेतात काम करणारा, तीन मुलांचा बाप, डावा हात लहानपणी सरकी काढायच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. एवढं कळतं. पण त्याच्या घरात आपण त्याच्यासोबत कधीच बसत नाही. तो आपल्याला मुख्यतः कोर्टाच्या पिंजऱ्यातून दिसतो, तोही वर गॅलरीत बसलेल्या गोऱ्या मुलीच्या नजरेतून. अडचण जशीच्या तशी टिपून ठेवा. कादंबरीवरचा सर्वात जोरकस आक्षेप इथूनच सुरू होतो.

तपासा: प्रत्येक पानावरचं एक विशेषण झाका. खाली उरलेल्या प्रसंगांवरून ते विशेषण मित्राला ओळखता येतंय का? येत नसेल तर विशेषण उसनं आहे.

पायरी ४: आशयसूत्र एका शब्दात मावत नाही

‘पूर्वग्रह’ हे आशयसूत्र नाही, तो विषय आहे. आशयसूत्र म्हणजे त्या विषयाबद्दल कादंबरी काय म्हणते ते पूर्ण वाक्य, ज्याला क्रियापद आहे आणि ज्याच्याशी कुणी वाद घालू शकेल.

आधी पूर्वग्रहाचे किती प्रकार दिसतात ते मोजा. वर्णाचा उघडच आहे. वर्गाचा आहे: फिंच, कनिंगहॅम, यूएल आणि कृष्णवर्णीय अशी उतरंड जेम स्वतः मांडतो (प्रकरण २३), आणि कनिंगहॅमच्या मुलाशी स्काउटने मैत्री करायला आत्याचा विरोध आहे. मुलींनी कसं राहावं याचा आहे: स्काउटची विजार. आणि अफवेचा आहे: न पाहिलेल्या बू रॅडलीचं मुलांनी रंगवलेलं भूत.

आता वाक्य करा. माझ्या वहीतलं असं आहे: *मेकॉम्बमध्ये सत्य कळणं आणि त्या सत्याप्रमाणे वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.*

वाक्य झालं की तीन ठिकाणी घासून पाहा. पहिलं ठिकाण, खटला: मायेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार आहे, अ‍ॅटिकस बॉब यूएलकडून पाकिटावर सही करून घेतो आणि तो डावखुरा निघतो, टॉमचा डावा हात चालतच नाही, डॉक्टरला कुणी बोलावलंच नव्हतं. ज्युरीला न कळण्यासारखं यात काही नाही. दुसरं, शाळा (प्रकरण २६): बाई वर्गात हिटलर ज्यूंचा छळ करतो म्हणून हळहळतात, ‘आपण लोकशाही आहोत’ असं फळ्यावर लिहितात, याच बाई कोर्टाच्या पायऱ्यांवर कृष्णवर्णीयांना धडा शिकवायलाच हवा होता असं बोलत होत्या. तिसरं, डॉल्फस रेमंड हा गोरा माणूस (प्रकरण २०): कागदी पिशवीतल्या बाटलीत कोका-कोला आहे, पण लोकांनी आपल्याला दारुडा समजावं अशी सोय त्याने करून ठेवलीय, कारण हा कृष्णवर्णीयांत का राहतो याचं लोकांना पचेल असं कारण हवं.

मग चौथं ठिकाण शोधा, जिथे वाक्य मोडतं. हे फार थोडे करतात. इथे संपादक अंडरवुड आडवा येतो. अ‍ॅटिकसच्या सांगण्यानुसार त्याला कृष्णवर्णीयांचा तिटकारा आहे. तरी त्या रात्री तुरुंगासमोर अ‍ॅटिकसच्या पाठीशी खिडकीत बंदूक रोखून बसलेला तोच, आणि टॉमच्या मृत्यूनंतर जळजळीत अग्रलेख लिहिणाराही तोच. म्हणजे इथे मन बदललेलं नाही, पण वागणं योग्य आहे. माझं वाक्य मोडलं का? नाही, उलट दुरुस्त झालं. मन आणि वागणं यांतली फट दोन्ही दिशांनी उघडते.

सावधान: आपल्याकडच्या वाचकाला इथे जात आठवणार, आणि आठवायलाच हवी. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, म्हणजे हा धागा काही ओढूनताणून आणलेला नाही. पण तुलना शेवटी ठेवा. आधीच ‘वर्ण म्हणजे जात’ असं समीकरण मांडलं की मेकॉम्बचे बारकावे दिसेनासे होतात आणि जातीचेही. तुलना करायची तर एका प्रसंगाची दुसऱ्या प्रसंगाशी करा.

पायरी ५: आता प्रतीकं

नियम एकच: एखादी वस्तू पुन्हा येत असेल, किंवा ती येताच गोष्टीचं वळण बदलत असेल, तरच तिच्यामागे लागा.

मॉकिंगबर्डपासून सुरू करा, पण आधी पक्षी कोणता ते समजून घ्या. हा उत्तर अमेरिकेतला, इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करणारा पक्षी. कृपा करून ‘कोकिळा’ असं भाषांतर करू नका. कोकिळा म्हटलं की कावळ्याचं घरटं आठवतं आणि ‘कुणाचं काही बिघडवत नाही’ हा मुद्दाच बुडतो. नकलेच्या बाबतीत आपला भृंगराज जवळचा, पण तोही नको. नाव तसंच ठेवा.

आता जागा लिहा. प्रकरण १०: अ‍ॅटिकस मुलांना छर्‍याच्या बंदुका देताना मॉकिंगबर्ड मारणं पाप आहे म्हणतो, मिस मॉडी कारण सांगते. त्याच प्रकरणात, कुत्रा येतो तेव्हा मॉकिंगबर्ड गप्प होतात. प्रकरण २१: निकालाच्या वेळी पुन्हा तीच शांतता. प्रकरण २५: अंडरवुडच्या अग्रलेखात गाणाऱ्या पक्ष्यांची निरर्थक हत्या. प्रकरण २८: रॅडलींच्या झाडावर एकटाच पक्षी रात्री गातोय, आपण कुणाच्या झाडावर बसलोय याचं भान नसलेला. प्रकरण ३०: बूला लोकांपुढे ओढणं म्हणजे मॉकिंगबर्डला गोळी घालण्यासारखंच, असं स्काउट म्हणते.

बहुतेक उत्तरांत १० आणि ३० एवढंच असतं. खरं सोनं १० आणि २१ च्या मध्ये आहे, म्हणून तिथे जरा जवळून पाहू.

प्रकरण १०, फेब्रुवारी. रस्ता ओस. झाडं स्तब्ध, मॉकिंगबर्ड गप्प, मिस मॉडीचं नवं घर बांधणारे सुतार नाहीसे झालेले. टिम जॉन्सन नावाचा पिसाळलेला कुत्रा झोकांड्या देत येतोय. हेक टेट आपली बंदूक अ‍ॅटिकसच्या हातात देतो. चश्मा घसरून पडतो, तो तसाच राहू देऊन अ‍ॅटिकस एका गोळीत कुत्रा पाडतो. बाप म्हातारा आहे, काही करत नाही, म्हणून खट्टू झालेली मुलं थक्क.

प्रकरण २१, उन्हाळ्यातली रात्र, गच्च भरलेलं कोर्ट. ज्युरीची वाट पाहताना स्काउटला अचानक थंडी वाजते आणि तिला फेब्रुवारीची तीच सकाळ जाणवते: मॉकिंगबर्ड गप्प, सुतारांचे हातोडे थांबलेले. ज्युरी परत येते तेव्हा एकही ज्युरर टॉमकडे पाहत नाही, आणि दोषी ठरवलेल्या माणसाकडे ज्युरी पाहत नाही हे वकिलाच्या मुलीला माहीत आहे. अ‍ॅटिकस पुन्हा रस्त्यात उतरलाय, बंदूक खांद्याला लावलीय, चाप ओढतोय असं तिला दिसतं. फक्त या वेळी बंदूक रिकामी आहे हे तिला ठाऊक आहे.

आता लिहा. गाव म्हणजे पिसाळलेला कुत्रा, एवढं म्हणणं सोपं आहे. पण रिकाम्या बंदुकीचं काय? कुत्र्यावर गोळी चालली, या रोगावर बापाचं शस्त्र चालत नाही. आणि ते शस्त्र म्हणजे कोर्टातला युक्तिवाद. मॉकिंगबर्डचं गप्प होणंही इथे नुसती निरागसता राहत नाही, ती धोक्याची सूचना होते. ‘निरागसतेचं प्रतीक’ या दोन शब्दांत हे कुठे मावणार?

इतर वस्तू थोडक्यात. ढोली: त्यातून येणाऱ्या भेटींतून बू बोलतो, सिमेंट म्हणजे त्याचं तोंड बंद करणं. हिममानव (प्रकरण ८): बर्फ कमी म्हणून आत चिखल, वरून पांढरा थर; काळं-पांढरं यावर उत्तर लिहायचं तर इथून लिहा. मायेलाची लाल जिरेनियम: उकिरड्यासारख्या अंगणात, टवके उडालेल्या भांड्यांतली निगुतीने वाढवलेली रोपं. मिसेस ड्युबोजची कॅमेलिया: जेमने झोडपली तरी मुळासकट गेली नाहीत.

सावधान: सगळंच प्रतीक नसतं. ‘फिंच’ हे पक्ष्याचं नाव आहे म्हणून पानभर लिहिण्याआधी हे माहीत असू द्या की फिंच हे लींच्या आईचं माहेरचं आडनाव होतं. आणि स्काउटचा हॅमचा पोशाख हा सर्वप्रथम तारांच्या जाळीचा पोशाख आहे, ज्यामुळे बॉब यूएलच्या सुरीचा वार अडला. त्यात एका विद्यार्थ्याने ‘भोगवादाचं प्रतीक’ शोधलं होतं. गुण देता आले नाहीत, पण त्या दिवशीचा चहा गोड लागला.

मॉकिंगबर्ड म्हणजे टॉम आणि बू, हे लिहून झाल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारा: टॉमला पक्षी म्हटल्याने काय हरवतं? पक्षी फक्त गातो. टॉमने मात्र साक्ष दिली, ‘मला तिची दया आली’ असं भर कोर्टात म्हणाला, आणि एका कृष्णवर्णीयाने गोऱ्या बाईची दया करावी हेच त्या कोर्टाला सहन झालं नाही. पुढे अपिलाची वाट न पाहता तुरुंगातून पळण्याचा निर्णयही त्याचाच. ज्या माणसाने स्वतः काही ठरवलं त्याला निष्पाप पाखरू म्हणणं पुरेसं आहे का? तिसऱ्या पायरीत टिपलेली अडचण इथे कामाला येते.

पायरी ६: उत्तर लिहिणं

परिच्छेदात चार गोष्टी या क्रमाने: दावा, जागा, प्रसंग, अर्थ. प्रसंग दोन-तीन ओळींत आटपा. गोष्ट सांगत सुटणं ही दुसऱ्या क्रमांकाची चूक आहे, पहिली विशेषणांची.

कच्चं उत्तर असं असतं: ‘मायेला ही परिस्थितीची बळी आहे. ती गरीब व एकटी आहे. तिची जिरेनियमची फुलं सौंदर्याचं प्रतीक आहेत.’

तेच असं लिहा: ‘मायेलाला आदराची इतकी सवय नाही की तो तिला अपमान वाटतो. प्रकरण १८ मध्ये अ‍ॅटिकसने सभ्यपणे संबोधताच ती न्यायाधीशांकडे तक्रार करते. तिच्या अंगणातली जिरेनियम ही तिने स्वतः जपलेली मोजकी गोष्ट. टॉमने कपाट फोडून देणं, पाणी आणून देणं ही दुसरी. पहिली ती उघड्यावर ठेवू शकते, दुसरी उघडी पडताच तिला ती नष्ट करावी लागते.’

लांबी तिपटीहून जास्त झाली, पण आता प्रत्येक वाक्याला खाली पाय आहेत.

शेवटची तपासणी: उत्तर लिहून झालं की त्यातली पात्रांची नावं खोडून पाहा. उरलेला मजकूर दुसऱ्या एखाद्या कादंबरीच्या उत्तरात जसाच्या तसा चिकटवता येत असेल, तर वही उघडा आणि तिसऱ्या पायरीपासून परत या.